संस्थेच्या वायफायला केंद्रीय प्रमाणीकरण: आराखड्यापासून देखभालीपर्यंत

वायफायचा पासवर्ड बदलायचा म्हटले की संस्थेत सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे बदलला जात नाही. नोकरी सोडून गेलेला कर्मचारी, एका दिवसापुरता आलेला तंत्रज्ञ, कुणाच्या तरी घरचा फोन, या सगळ्यांकडे तो साठवलेला राहतो. दुखणे एवढ्यावर थांबत नाही. डब्ल्यूपीए२-पर्सनल या, सगळ्यांना एकच पासवर्ड देणाऱ्या वायफाय सुरक्षेच्या रीतीत ज्याच्याकडे हा सामायिक पासवर्ड आहे आणि ज्याने दुसऱ्या उपकरणाच्या जोडणीच्या वेळची चार संदेशांची देवघेव हवेतून टिपली आहे, तो त्या उपकरणाची पुढची सगळी वाहतूक उलगडून वाचू शकतो. तिच्या पुढच्या आवृत्तीने, डब्ल्यूपीए३-पर्सनलने, ही वाट बंद केली. पण आत कोण आहे हे नावानिशी सांगता न येणे आणि एकट्यालाच बाहेर काढता न येणे, हे मूळ दुखणे तिथेही कायम राहते.

यावरचा प्रस्थापित उपाय म्हणजे ८०२.१एक्स, म्हणजे जाळ्यात येण्याआधी प्रत्येकाची ओळख तपासण्याचे मानक, आणि त्याच्यामागे उभा असलेला, ती ओळख पडताळणारा रेडियस सर्व्हर. ८०२.१एक्सची पहिली आवृत्ती २००१ सालची आहे, त्यामुळे तंत्र नवे नाही, आणि बहुतेक व्यावसायिक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारी यंत्रे) ते आधीपासून जाणतात. तरीही अनेक संस्थांमध्ये ते अर्धवट उभे राहते. सर्व्हरने वापरकर्त्याला कसे ओळखायचे यावर सगळी मेहनत खर्च होते, आणि वापरकर्त्याच्या उपकरणाने सर्व्हरला कसे ओळखायचे हा प्रश्न ज्याच्या त्याच्यावर सोडून दिला जातो. माझ्या मते या व्यवस्थेची खरी ताकद त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि हा लेख त्याच दृष्टीने लिहिला आहे.

जोडणीच्या वेळी नेमके काय घडते

या व्यवहारात तीन पक्ष असतात: वापरकर्त्याचे उपकरण, ॲक्सेस पॉइंट आणि रेडियस सर्व्हर. उपकरण जोडू पाहते तेव्हा ॲक्सेस पॉइंट त्याच्यासमोर दार बंदच ठेवतो आणि फक्त प्रमाणीकरणाचे संदेश पलीकडे जाऊ देतो. या टप्प्यावर उपकरणाला आयपी पत्ताही मिळालेला नसतो. ॲक्सेस पॉइंट उपकरणाकडून आलेले ईएपी, म्हणजे ओळख पटवण्याच्या नियमावलीतले, संदेश रेडियसच्या पाकिटात घालून सर्व्हरकडे पाठवतो आणि उत्तरे परत आणून देतो. पासवर्ड किंवा सर्टिफिकेट, म्हणजे ओळखीचे डिजिटल प्रमाणपत्र, त्याला तपासायचे नसते, त्याची भूमिका टपालवाल्याची असते. सर्व्हर आधी स्वतःचे सर्टिफिकेट दाखवतो, उपकरण ते पडताळते, दोघांमध्ये टीएलएस बोगदा, म्हणजे कूटबद्ध मार्ग, तयार होतो, आणि त्यानंतर वापरकर्त्याची ओळख पटवली जाते. शेवटी सर्व्हर ‘ॲक्सेस-ॲक्सेप्ट’ पाठवतो आणि त्याबरोबर ॲक्सेस पॉइंटला प्रत्येक उपकरणासाठी, प्रत्येक सत्रासाठी वेगळे किल्लीचे साहित्य देतो. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची वाहतूक वाचण्याचा प्रश्नच उरत नाही.

पहिली पायरी: कागदावरचा आराखडा

यंत्राला हात लावण्याआधी वायफायवर येणाऱ्या उपकरणांची यादी करावी आणि तिचे तीन भाग पाडावेत: संस्थेच्या मालकीची आणि संस्थेच्या नियंत्रणाखालची, कर्मचाऱ्यांची स्वतःची, आणि ८०२.१एक्स मुळीच न जाणणारी, म्हणजे प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची यंत्रे वगैरे. प्रत्येक भागासाठी कोणता व्हीलॅन, म्हणजे जाळ्याचा वेगळा केलेला कप्पा, आणि त्या व्हीलॅनमधून कुठे जाता येईल, हे लिहून काढावे. एसएसआयडी, म्हणजे वायफायची नावे, मात्र कमीत कमी ठेवाव्यात. प्रत्येक एसएसआयडीची घोषणा प्रत्येक ॲक्सेस पॉइंट सेकंदाला सुमारे दहा वेळा, तीही सहसा सर्वांत संथ गतीने करत असतो. विभागागणिक एक नाव ठेवले की हवेतला वेळ त्या घोषणांतच जातो. कर्मचाऱ्यांसाठी एक, पाहुण्यांसाठी एक आणि ८०२.१एक्स न जाणणाऱ्या मुक्या उपकरणांसाठी एक, एवढ्यात भागते, कारण विभागवार व्हीलॅन देण्याचे काम रेडियस करू शकतो.

दुसरी पायरी: ईएपीची पद्धत निवडणे

इथला निर्णय पुढचे सगळे ठरवतो. प्रत्यक्षात तीन पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला पीईएपी, ज्याच्या बोगद्यात एमएसचॅप व्ही२ ही पासवर्ड पडताळण्याची पद्धत चालते. विंडोजमध्ये तो पहिल्यापासून असल्यामुळे सर्वाधिक पसरला. २०१२ साली डेफकॉन परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिले की एमएसचॅप व्ही२ ची टिपलेली देवघेव फोडणे हे एकच ५६ बिटांची डेस (एक जुनी कूटपद्धत) किल्ली शोधण्याइतके काम आहे, मग पासवर्ड कितीही लांब असो. म्हणजे या पद्धतीची सारी सुरक्षितता बाहेरच्या टीएलएस बोगद्यावर टिकून आहे, आणि तो बोगदा चुकीच्या सर्व्हरशी बांधला गेला तर हाती काहीच उरत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइझ आणि एज्युकेशन संस्करणांत, पात्र यंत्रांवर, क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची गुपिते जपणारी सोय) आपोआप चालू होतो आणि लॉगिनचाच पासवर्ड वापरून एमएसचॅप व्ही२ ने आपोआप जोडले जाणे बंद पडते. नव्याने उभारणी करणाऱ्याने हा मार्ग धरू नये.

दुसरा ईएपी-टीटीएलएस, ज्याच्या आत साधा पीएपी चालतो. बोगद्यातून पासवर्ड जसाच्या तसा सर्व्हरपर्यंत जातो. हे ऐकायला भीतिदायक वाटते, पण त्याची एक खरी गरज आहे: एमएसचॅप व्ही२ साठी सर्व्हरकडे मूळ पासवर्ड किंवा त्याचा विशिष्ट एनटी हॅश (पासवर्डचे उलटवता न येणारे रूप) असावा लागतो. तुमच्या एलडॅप निर्देशिकेत (खात्यांच्या केंद्रीय नोंदीत) पासवर्ड सॉल्ट, म्हणजे यादृच्छिक भर, घातलेल्या हॅशच्या रूपात असतील, तर पीईएपी कितीही खटपट केली तरी चालणार नाही. ते गणितानेच अशक्य आहे. कितीतरी जणांचे दिवस या एका गोष्टीपायी वाया जातात.

तिसरा ईएपी-टीएलएस. इथे उपकरणाकडेही स्वतःचे सर्टिफिकेट असते आणि पासवर्डचा संबंधच राहत नाही. त्यामुळे आणखी एक नेहमीचा त्रास टळतो. निर्देशिकेतला पासवर्ड बदलला की खिशातला फोन जुन्याच पासवर्डने दर काही मिनिटांनी दार ठोठावत राहतो आणि वापरकर्त्याचे खाते कुलूपबंद होते. मदतकक्षाला कारण सापडेपर्यंत सकाळ निघून जाते. संस्थेच्या मालकीच्या उपकरणांसाठी मी निःशंकपणे ईएपी-टीएलएस सुचवेन. एक बारकावा लक्षात असू द्यावा: टीएलएस १.२ मध्ये उपकरणाचे सर्टिफिकेट, म्हणजे त्यातले नावही, हवेतून उघडे जाते. टीएलएस १.३ वर आधारलेल्या ईएपी-टीएलएसचे मानक २०२२ साली आले, आणि त्यात ते झाकलेले असते.

तिसरी पायरी: सर्टिफिकेट देणारी स्वतःची यंत्रणा

संकेतस्थळांसाठी सर्टिफिकेट देणाऱ्या सार्वजनिक प्रमाणपत्र संस्था (सीए) योग्य असतात, पण रेडियससाठी स्वतःची खासगी संस्था उभारणे बरे. सार्वजनिक संस्थेवर विश्वास ठेवायला सांगितलेल्या उपकरणाच्या दृष्टीने त्या संस्थेने जगात कुणालाही दिलेले सर्टिफिकेट वैध असते, आणि नावाची तपासणी राहून गेली तर हल्लेखोर स्वतःच्या डोमेनचे सर्टिफिकेट दाखवून आत शिरतो. खासगी संस्थेचे मूळ सर्टिफिकेट फक्त तुमच्या उपकरणांवर असते आणि तिने दिलेली सर्टिफिकेट मोजकी व माहितीतली असतात.

मूळ संस्थेची खासगी किल्ली जाळ्यापासून तोडलेल्या संगणकावर ठेवावी आणि रोजची सर्टिफिकेट तिच्या हाताखालच्या मधल्या संस्थेकडून द्यावीत. रेडियस सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये ‘सर्व्हर ऑथेंटिकेशन’ हा विस्तारित उपयोग नोंदलेला असलाच पाहिजे, नाहीतर विंडोज ते थेट नाकारते. सर्व्हरचे नाव ‘सब्जेक्ट आल्टरनेटिव्ह नेम’ या रकान्यात डीएनएस नावाच्या स्वरूपात घालावे. मुदत ८२५ दिवसांच्या आत ठेवावी, कारण १ जुलै २०१९ नंतर दिलेल्या सर्टिफिकेटांसाठी ॲपलच्या उपकरणांनी ही मर्यादा घातली आहे. उपकरणांच्या सर्टिफिकेटांत ‘क्लायंट ऑथेंटिकेशन’ हवे, आणि त्यांच्या खासगी किल्ल्या शक्य तिथे टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये, बाहेर काढता न येतील अशा ठेवाव्यात.

मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही निर्देशिका असेल तर तिच्या सर्टिफिकेट सेवेतून ग्रुप पॉलिसीने संगणकांना आपोआप सर्टिफिकेट देता येते. फोन आणि टॅबलेटसाठी मोबाइल उपकरण व्यवस्थापनाची प्रणाली आणि एससीईपी (सर्टिफिकेट मागवण्याचा प्रोटोकॉल) हा रूढ मार्ग आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२२ च्या सुधारणेपासून सर्टिफिकेट आणि निर्देशिकेतले खाते यांची घट्ट जोड मागायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२५ पासून ती सक्तीची केली. म्हणून एससीईपीने दिलेल्या सर्टिफिकेटात खात्याचा सुरक्षा ओळखक्रमांक जातो की नाही, हे एनपीएस (विंडोजचा रेडियस सर्व्हर) वापरणाऱ्यांनी सुरुवातीलाच तपासावे.

चौथी पायरी: रेडियस सर्व्हर

विंडोजप्रधान संस्थेत एनपीएस आणि इतरत्र फ्रीरेडियस हा मुक्त सर्व्हर, अशी निवड साधारणपणे होते. काहीही निवडले तरी सर्व्हर दोन असावेत आणि ते एकाच यंत्रावरचे दोन आभासी संगणक नसावेत. एकच सर्व्हर असला आणि तो बंद पडला तर संस्थेतले सगळे वायफाय बंद पडते, आणि तेव्हा दुरुस्ती करणाराही वायफायवरच बसलेला असतो.

प्रमाणीकरणासाठी यूडीपी १८१२ आणि हिशेबाच्या नोंदींसाठी १८१३ ही पोर्ट लागतात. जुन्या यंत्रांत १६४५ आणि १६४६ आढळतात. ही पोर्ट फक्त ॲक्सेस पॉइंटच्या किंवा कंट्रोलरच्या पत्त्यांना खुली ठेवावीत. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची सर्व्हरवर नोंद करताना एक सामायिक गुपित द्यावे लागते. ते यंत्रानेच तयार केलेले, किमान ३२ अक्षरांचे, आणि शक्यतो प्रत्येक ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळे असावे. फ्रीरेडियससोबत येणारे ‘टेस्टिंग१२३’ हे गुपित आणि सोबत येणारी नमुना सर्टिफिकेट केवळ चाचणीसाठी आहेत; प्रत्यक्ष वापराआधी दोन्ही काढून टाकावीत. फ्रीरेडियसच्या ईएपी विभागात ज्या पद्धती वापरायच्या नाहीत त्या बंदच कराव्यात, विशेषतः एमडी५ या जुन्या, कमकुवत हॅशवर आधारलेली.

जुलै २०२४ मध्ये ‘ब्लास्ट-रेडियस’ नावाची त्रुटी जाहीर झाली. रेडियसच्या उत्तरांची खातरजमा एमडी५ वर अवलंबून असल्याने, मधल्या मार्गावर बसलेला हल्लेखोर नकाराचे उत्तर होकारात बदलू शकतो, असे तिचे स्वरूप आहे. ईएपीला ती लागू होत नाही, कारण ईएपीच्या पाकिटांत ‘मेसेज-ऑथेंटिकेटर’ (पाकिटाच्या खरेपणाची खूण) असणे बंधनकारक आहे. पण तोच सर्व्हर स्विचच्या प्रशासकीय लॉगिनसाठी किंवा व्हीपीएनसाठीही वापरला जात असेल, तर मेसेज-ऑथेंटिकेटरची सक्ती सगळ्यांसाठी लागू करावी. रेडियसची वाहतूक संस्थेबाहेरून, म्हणजे शाखेपासून मुख्यालयापर्यंत इंटरनेटवरून जाणार असेल, तर ती टीसीपी २०८३ वर चालणाऱ्या रॅडसेकमधून, म्हणजे टीएलएसने झाकलेल्या रेडियसमधून, किंवा व्हीपीएनमधूनच न्यावी.

व्हीलॅन ठरवून देण्यासाठी होकाराच्या उत्तरात तीन गुणधर्म पाठवायचे असतात: टनेल-टाइप, ज्याचे मूल्य १३, म्हणजे व्हीलॅन, टनेल-मीडियम-टाइप, ज्याचे मूल्य ६, आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी, ज्यात व्हीलॅनचा क्रमांक. फ्रीरेडियसमध्ये पीईएपी किंवा टीटीएलएस वापरताना हे गुणधर्म आतल्या बोगद्याच्या मांडणीत लिहिले आणि ते बाहेरच्या उत्तरात आणले नाहीत, तर वापरकर्ता जोडला जातो पण चुकीच्या व्हीलॅनमध्ये पडतो. अशा वेळी सर्व्हर डीबग रीतीने, म्हणजे ‘एक्स’ हा पर्याय देऊन चालवावा आणि शेवटच्या ॲक्सेस-ॲक्सेप्टमध्ये काय काय गेले ते डोळ्यांनी वाचावे. हे लांबलचक लिखाण वाचायची सवय झाली की फ्रीरेडियसमधल्या बहुतेक अडचणी तिथेच उलगडतात.

पाचवी पायरी: ॲक्सेस पॉइंट

इथे काम थोडे आहे. एसएसआयडीची सुरक्षा डब्ल्यूपीए३-एंटरप्राइझ, किंवा जुनी उपकरणे असतील तर डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ एंटरप्राइझची संक्रमण रीत ठेवावी. व्यवस्थापन चौकटींचे (जोडणी-तोडणीच्या संदेशांचे) संरक्षण डब्ल्यूपीए३ मध्ये सक्तीचे असते आणि संक्रमण रीतीत ऐच्छिक. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मात्र डब्ल्यूपीए२ चालतच नाही. १९२ बिटांची विशेष रीत सर्वसाधारण संस्थेला लागत नाही. दोन्ही रेडियस सर्व्हर नोंदवावेत आणि ज्या स्विचपोर्टला ॲक्सेस पॉइंट जोडला आहे त्याच्या ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीत) सगळे व्हीलॅन असल्याची खात्री करावी. चालता चालता बोलणाऱ्यांचे आवाज तुटू नयेत म्हणून एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर झटपट नेणारे ८०२.११आर उपयोगी पडते, पण काही जुनी उपकरणे ते चालू असताना जोडलीच जात नाहीत. आधी एका मजल्यावर करून पाहावे.

सहावी पायरी: उपकरणांवरची मांडणी

सुरुवातीला सांगितलेला मुद्दा इथे येतो. हल्लेखोर तुमच्या एसएसआयडीच्याच नावाचा ॲक्सेस पॉइंट घेऊन इमारतीबाहेर बसतो आणि त्याच्यामागे स्वतःचा रेडियस सर्व्हर चालवतो. वापरकर्त्याचा फोन आपोआप त्याच्याशी जोडू पाहतो. फोनने सर्टिफिकेट तपासले नाही, किंवा तपासून विचारले आणि वापरकर्त्याने सवयीने ‘विश्वास ठेवा’ दाबले, तर पीईएपीची देवघेव किंवा टीटीएलएसमधला पासवर्ड हल्लेखोराच्या हाती पडतो. तोच पासवर्ड मेललाही चालतो आणि फाइलींनाही.

त्यामुळे प्रत्येक उपकरणावर चार गोष्टी आधीच ठरवून दिलेल्या असाव्यात: कोणत्या मूळ सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा, सर्व्हरचे नाव काय असले पाहिजे, आतली पद्धत कोणती, आणि बोगद्याबाहेर दिसणारी निनावी ओळख कोणती. विंडोजमध्ये वायरलेस प्रोफाइलच्या गुणधर्मांत मूळ सर्टिफिकेटवर खूण करावी, सर्व्हरच्या नावांचा रकाना भरावा, आणि नव्या सर्व्हरबद्दल वापरकर्त्याला विचारू नये असा पर्याय निवडावा. हा शेवटचा पर्याय बहुतेक ठिकाणी राहून गेलेला असतो. अँड्रॉइडमध्ये सीए सर्टिफिकेट आणि डोमेन हे दोन्ही रकाने भरावे लागतात. सर्टिफिकेट न तपासण्याचा पर्याय अँड्रॉइड ११ पासून काढायला सुरुवात झाली, आणि ते योग्यच झाले. ॲपलसाठी कॉन्फिगरेशन प्रोफाइल तयार करून द्यावे. लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्येही सीए सर्टिफिकेट आणि डोमेन हे रकाने आहेत.

हे सगळे वापरकर्त्याला चित्रांसह पत्रक देऊन स्वतः करायला सांगू नये. त्याच्याकडून चूक होईल आणि ती चूक कुणाला दिसणारही नाही, कारण चुकीच्या मांडणीनेही वायफाय उत्तम चालते. संस्थेची उपकरणे व्यवस्थापन प्रणालीतून सजवावीत. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या फोनसाठी नोंदणीचे साधन द्यावे. विद्यापीठांच्या एज्युरोम जाळ्यात त्यासाठी कॅट नावाचे साधन आहे. तेही जमणार नसेल, तर स्वतःच्या फोनना पाहुण्यांच्या जाळ्यात ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल.

सातवी पायरी: चाचणी

ॲक्सेस पॉइंटला हात न लावता सर्व्हर तपासण्यासाठी डब्ल्यूपीए सप्लिकंट प्रकल्पातले ‘ईएपीओएल टेस्ट’ हे साधन वापरावे. मग एका मजल्यावर, पंधरावीस माणसांसह, दोन आठवडे चालवावे. चालते आहे याची चाचणी सगळे करतात. नकार मिळतो का, हेही पाहावे. रद्द केलेले सर्टिफिकेट घेऊन जोडून पाहावे. दुसऱ्याच सर्टिफिकेटचा खोटा सर्व्हर उभा करून, संस्थेचा लॅपटॉप त्याला मुकाट्याने नाकारतो की नाही ते बघावे. पहिला सर्व्हर बंद करून दुसऱ्यावर जायला किती सेकंद लागतात ते मोजावे.

दोन बिघाड असे आहेत की ते माहीत नसतील तर माणूस चक्रावून जातो. एकदा मुख्यालयात सुरळीत चालणारी ईएपी-टीएलएस जोडणी शाखेत दर वेळी अर्ध्यावर थांबत होती, आणि सर्व्हरच्या नोंदीत नकारही नव्हता, होकारही नव्हता. सर्टिफिकेटांच्या साखळीमुळे यूडीपीची पाकिटे मोठी होऊन त्यांचे तुकडे पडत होते आणि वाटेतली फायरवॉल ते तुकडे गाळत होती. ईएपीच्या तुकड्याची मर्यादा १०२४ बाइटवर आणल्यावर जोडणी झाली. दुसरा बिघाड घड्याळाचा. मदरबोर्डवरची बटणबॅटरी संपलेला जुना संगणक चालू होताना कित्येक वर्षे मागच्या तारखेवर उघडतो, त्याला सर्व्हरचे सर्टिफिकेट ‘अजून सुरू न झालेले’ वाटते, आणि जाळे मिळाल्याशिवाय वेळ दुरुस्त होत नाही. तारायुक्त जोडणी देऊन वेळ जुळवावी आणि बॅटरी बदलावी.

मुकी उपकरणे आणि पाहुणे

८०२.१एक्स न जाणणाऱ्या उपकरणांना वेगळी एसएसआयडी आणि, ॲक्सेस पॉइंटला जमत असेल तर, प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड द्यावा. त्यांचा व्हीलॅन फक्त गरजेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचेल इतकाच मोकळा असावा. मॅक पत्त्यावर, म्हणजे उपकरणाच्या जाळ्यातल्या ओळखक्रमांकावर, विसंबू नये: तो सहज नकलता येतो आणि आताचे फोन स्वतःच यादृच्छिक पत्ता वापरतात. पाहुण्यांना केवळ इंटरनेट, तेही परस्परांपासून वेगळे ठेवून.

देखभाल

हिशेबाच्या नोंदी चालू ठेवाव्यात, म्हणजे कोणते खाते, कोणत्या ॲक्सेस पॉइंटवर, किती वेळ होते हे कळते. त्या किती दिवस ठेवायच्या आणि कुणी पाहायच्या, हेही लिहून ठरवावे. कर्मचारी संस्था सोडतो तेव्हा खाते बंद करणे आणि सर्टिफिकेट रद्द करणे या दोन वेगळ्या कृती आहेत. रद्द सर्टिफिकेटांची यादी सर्व्हर खरोखर वाचतो का, आणि ती यादी शिळी झाली तर तो सगळ्यांनाच नाकारतो की सगळ्यांनाच आत घेतो, हे आधीच तपासून ठेवावे.

सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी इशारा मिळेल अशी व्यवस्था असावी, आणि तो इशारा एका माणसाच्या मेलवर न जाता कामाच्या सामायिक पेटीत जावा. त्याच मूळ संस्थेकडून त्याच नावाचे नवे सर्टिफिकेट घेतले, तर नीट मांडलेल्या उपकरणांना बदल जाणवतही नाही. मूळ सर्टिफिकेटच बदलायचे असेल तेव्हा मात्र क्रम चुकवू नये: नवे मूळ सर्टिफिकेट जुन्याच्या जोडीने सगळ्या उपकरणांवर काही महिने आधी पोहोचवावे, किती उपकरणांवर ते पोहोचले याची मोजणी व्यवस्थापन प्रणालीतून करावी, रजेवर असलेल्यांचे लॅपटॉप त्या मोजणीत वेगळे धरावेत, आणि त्यानंतरच सर्व्हरवरचे सर्टिफिकेट बदलावे, जुने मूळ सर्टिफिकेट उपकरणांवरून काढायचे ते सर्वांत शेवटी.